दुधातली पुडी

काकी माठापाशी उभी होती आणि पाणी पीत होती. एक तांब्या रिकामा झाला, तिने लगेच दुसरा भरला. मार्गशीर्षातली थंडी होती. त्या दिवसांत साताऱ्यात सकाळी बोटं वळत नाहीत, आणि माठातलं पाणी दाताला लागेल इतकं गार. तरी ती पीतच होती. पाणी हनुवटीवरून ओघळून पदरावर सांडत होतं, तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी जवळ जाऊन विचारलं, बरं वाटत नाही का. तिने वळून बघितलं. ओळखीचेच डोळे, पण मला ओळखायला त्यांनी जरा वेळ घेतला.

"तहान जात नाही गं," ती म्हणाली. "आतून कुणीतरी दुसरंच पितंय असं वाटतं."

त्या वर्षी मी बी.एड. करत होते आणि आप्पा-काकींकडे राहत होते. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, शहाजी जगताप. सगळा तालुका त्यांना जगताप सर म्हणायचा. हायस्कूलला त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि सुट्टीच्या दिवशी खेडोपाडी जाऊन बुवाबाजी उघडी पाडली. जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवायचे, लिंबातून रक्त काढून दाखवायचे, आणि मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचे. एका गावात त्यांच्यावर दगडही पडले होते. कपाळावरची ती खूण त्यांनी कधी लपवली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र बोलावणी हळूहळू बंद झाली. दिवसभर ते वर्तमानपत्र वाचत बसायचे, आणि संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचे.

काकीचं नाव इंदुमती. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकी फार शिकलेली नव्हती, पण तिच्या अंगात एक कला होती. ती नकला करायची. दूधवाला, पोस्टमन, गल्लीतल्या बायका, झालंच तर भाषण देणारे आप्पासुद्धा. आवाज, मान, हात, सगळं हुबेहूब. जेवताना तिने एखाद्याला असं समोर उभं करावं आणि आप्पांनी घास खाली ठेवून हसावं, हे मी कितीदा पाहिलं होतं.

तिचे गुडघे दुखायला लागले, तिथून सगळं सुरू झालं. आमचे नेहमीचे डॉक्टर वाळिंबे यांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. त्यांनी एक पुडी लिहून दिली, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची, आणि दोन महिन्यांनी परत दाखवायला या म्हणाले. काकीने सांगितल्याप्रमाणे घेतली. गुडघे थोडे सैल झाले. खरं तर तेवढ्यावर भागलं असतं.

दसऱ्याच्या सुमाराला धैर्यशील फडतरे घरी आला. हा आप्पांचा जुना विद्यार्थी. पोवई नाक्याजवळ त्याने आरोग्य केंद्र काढलं होतं. तिथे एका यंत्रावर उभं राहिलं की ते तुमच्या शरीराचं खरं वय सांगतं म्हणे. पांढरा शर्ट, मऊ आवाज. आत येताच त्याने आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सांगितलं की मी आज जो काही आहे तो सरांमुळे. आप्पांचा चेहरा असा उजळलेला मी त्या वर्षात पाहिला नव्हता.

बोलता बोलता काकीच्या गुडघ्यांचा विषय निघाला. आठवड्याला एक पुडी हे ऐकून फडतरे हसला. नावं ठेवल्यासारखं नाही, कीव आल्यासारखं. त्याचं म्हणणं असं की हे प्रमाण भित्र्या लोकांनी ठरवलेलं आहे, जेमतेम हाडं वाकू नयेत एवढंच. माणूस उघड्या अंगाने उन्हात राबायचा तेव्हा त्याच्या कातडीत रोज याहून किती तरी जास्त तयार व्हायचं. डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण स्वस्तातल्या पुडीने माणसं बरी झाली तर त्यांचे दवाखाने ओस पडतील. त्याने पिशवीतून परदेशी शोधनिबंधांच्या छापील प्रती काढल्या. त्यांत आलेख होते, तक्ते होते, खाली बारीक अक्षरात संदर्भ होते.

आप्पा काही भोळे नव्हते. त्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला फडतरेकडे उत्तर तयार होतं. शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत, कुणी सांगतो म्हणून मानू नका, पुरावा बघा. मी पुरावाच घेऊन आलोय."

त्या एका वाक्याने काम झालं. बुवा राख घेऊन आला असता तर आप्पांनी त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवला असता. पण हा आलेख घेऊन आला होता.

दिवाळीच्या आधीपासून पुडी रोजची झाली. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या, त्याही केंद्रातूनच. सकाळी काकी उठायच्या आत आप्पा दूध कोमट करून ठेवायचे. पुडीचा कोपरा कात्रीने नीट कापायचे, भुकटी काचेच्या पेल्यात सोडायचे, ढवळायचे, आणि पेला खिडकीतल्या उजेडासमोर धरून एकही कण तरंगत नाही ना ते बघायचे. प्रयोगशाळेत उभे असावेत तसे. मग तिच्यासमोर खुर्ची ओढून, ती शेवटचा घोट घेईपर्यंत बसून राहायचे. दर रविवारी केंद्रातल्या सभेला जायचे. तिथे त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे आणि अवघड शब्दांचे अर्थ विचारायचे. त्यांची चाल बदलली. ते पुन्हा दाढी रोज करायला लागले.

सुरुवातीला काकीही खूश होती. गुडघे दुखत नाहीत, हलकं वाटतं, असं सांगायची. मग तिची भूक गेली. भाकरीचा तुकडा ताटात फिरवत बसायची. पोट साफ होईना, मळमळ थांबेना. पाणी मात्र घटाघटा प्यायची आणि रात्री चार-चारदा उठायची. आणि तिच्या नकला बंद झाल्या. एकदा जेवताना आप्पांनीच तिला छेडलं, तो नवा पोस्टमन कसा बोलतो दाखव की. "कोण पोस्टमन?" तिने विचारलं.

आप्पांनी फडतरेला फोन केला. मी शेजारीच उभी होते, त्याचा मऊ आवाज बाहेर ऐकू येत होता. शरीर वर्षानुवर्षं साठलेली घाण बाहेर टाकतंय, असं तो सांगत होता. हा टप्पा सगळ्यांना येतो, बहुतेक जण इथेच घाबरून सोडतात, आणि मग आयुष्यभर औषधांवर जगतात. आप्पांनी सोडलं नाही. मी भीत भीत म्हटलं, एकदा वाळिंबे डॉक्टरांना दाखवून आणू या. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून आलेख समजावून सांगितला. तो मला समजला, आणि समजल्यावर अधिकच भीती वाटली, कारण त्या कागदावर माझी काकी कुठेच नव्हती.

माठापाशी तिला तसं पाहिलं त्याच आठवड्यात शेजारच्या शेवाळेबाई आल्या. पदराखाली लिंबू, काळा दोरा आणि कुठूनशी आणलेली अंगाऱ्याची पुडी. काकी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेवाळेबाई दबक्या आवाजात म्हणाल्या की हे बाहेरचं आहे. इंदूवहिनी ओढ्याकडच्या वाटेने संध्याकाळच्या फिरायला जातात, तिथेच काहीतरी लागलं. त्यांच्या माहेरी एक जाणता आहे, एकदा नुसतं बघून जाऊ दे.

आप्पा आतून आले. त्यांनी लिंबू उचलून खिडकीबाहेर टाकलं. आवाज चढवला नाही.

"शेवाळेबाई, या घरात पुराव्याशिवाय कुणाच्या पोटात काही जात नाही," ते म्हणाले. "तुम्ही मायेने आलात हे मला कळतं. पण ती पुडी घेऊन परत जा."

बाई डोळे पुसत गेल्या. आप्पा बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. एवढी वर्षं घसा कोरडा केला तरी लोक अंगारे घेऊन दारात येतात, असं स्वतःशीच बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी कात्रीने कोपरा कापला, पेला उजेडासमोर धरला आणि काकीच्या हातात दिला. तिचा हात थरथरत होता म्हणून त्यांनी खालून आपला हात लावला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून दुपारी परत आले, तर काकी न्हाणीघराच्या दारात बसली होती. तीळ सांडले होते आणि ती एकेक वेचून ओल्या फरशीवर ओळीने लावत होती. मला बघून तिने तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती बहीण मी जन्मायच्या आधीच गेली होती. मी तिला उठवायला हात दिला तर तिला उभंच राहता येईना.

आम्ही तिला रिक्षातून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर होत्या शबाना तांबोळी, तिशीच्या आतबाहेरच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं की घरी कुठली औषधं चालू आहेत. आप्पा म्हणाले, रक्तदाबाची एक गोळी, बाकी औषध काही नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी पुडी हे औषध नव्हतंच, ते अन्न होतं; आणि त्या गडबडीत मलाही ती सांगायचं सुचलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम भलतंच वाढलेलं होतं, आणि मूत्रपिंडांवर ताण आलेला होता. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं की या वयात अशा वाढीमागे काही वाईट कारणं असू शकतात. हाडात पसरलेली गाठ हे त्यातलं एक. ते आधी शोधावं लागेल, पुण्याहून काही तपासण्याही करून आणाव्या लागतील. तोवर सलाईनवर ठेवू.

कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, तरी आप्पा बाहेरच्या बाकावर बसले ते उठेचनात. मी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. थोड्या वेळाने ते म्हणाले की बरं झालं आपण तिची ताकद आधीपासून वाढवून ठेवली, आता ती ताकद कामी येईल.

पुढचे दिवस तसेच गेले. तिला या यंत्रात घाल, त्या यंत्रातून काढ. गाठ कुठेच सापडेना. कॅल्शियम सलाईनने थोडं उतरायचं आणि तिथेच अडायचं. आप्पा रोज सकाळी घरून थर्मासमध्ये दूध घेऊन यायचे. इस्पितळाचं दूध पातळ असतं, म्हणायचे. मला त्यात वावगं वाटलं नाही. सकाळी मी कॉलेजात असायचे, दुपारनंतर इस्पितळात यायचे.

एका सकाळी तास रद्द झाला म्हणून मी लवकर पोचले. जिन्यात डॉक्टर तांबोळी भेटल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "आम्ही खालून उपसतोय आणि वरून कुणीतरी ओततंय, असं वाटतं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी खोलीत शिरले. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. आप्पा पाठमोरे उभे होते. थर्मासच्या झाकणात दूध काढलेलं, खिशातली लहान कात्री हातात. त्यांनी पुडीचा कोपरा कापला, भुकटी सोडली, ढवळली, झाकण उजेडाकडे तिरपं केलं. मग काकीच्या मानेखाली हात घालून तिला हळूच उठवलं आणि लहान मुलाला पाजावं तसं पाजायला लागले. ती डोळे मिटून गिळत होती.

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला, अर्धं राहिलेलं दूध त्यांच्या बोटांतून सोडवून घेतलं, खिडकीच्या कट्ट्यावरची रिकामी पुडी उचलली आणि जिना उतरून डॉक्टरांपाशी गेले.

त्या लगेच वर आल्या. पुडी त्यांनी आप्पांसमोर धरली.

"ही किती दिवसांतून एक देता?"

"रोज."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "सर, ही आठवड्याची पुडी आहे," त्या म्हणाल्या. "तीही काही आठवडेच घ्यायची."

आप्पांनी समजावणीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. नवं संशोधन वेगळं आहे, आणि जास्तीचं जे होतं ते शरीर लघवीवाटे टाकून देतं.

"काही जीवनसत्त्वं टाकतं," डॉक्टर म्हणाल्या. "हे टाकत नाही."

त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"अ, ड, ई, के," ते अगदी हळू म्हणाले. "चरबीत विरघळणारी. साठून राहतात. मी दरवर्षी नववीला शिकवायचो हे."

मग ते काकीकडे बघत राहिले. तिच्या ओठाच्या कडेला दूध लागलेलं होतं. त्यांना ते पुसावंसं वाटलं असावं, हात अर्धा उचलला गेला आणि तसाच राहिला.

पुण्याहून आलेल्या रिपोर्टने तेच सांगितलं. उपचार बदलले. तरी साठलेलं उतरायला फार वेळ लागला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हे पाणी ओसरावं तसं ओसरणार नाही, चरबीतून थेंबाथेंबाने बाहेर येत राहील. काकीला माणसं आधी ओळखू आली, मग वार, मग महिने. होळीच्या आसपास ती घरी आली. मूत्रपिंडं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. उरलेली वर्षं तिने अळणी जेवणावर, मोजूनमापून काढली, आणि शेवटी मूत्रपिंडांच्या दुखण्यानेच ती गेली.

इस्पितळातून आल्यावर एकदा मी तिचे केस विंचरत होते. आप्पा अंगणात होते. ती अचानक म्हणाली, "मला कळत होतं गं."

मी विचारलं, काय.

"त्या दुधानंतरच पोट ढवळायचं. एक दिवस कुंडीत ओतलं, तर त्या दिवशी जरा बरं वाटलं." तिने अंगणाकडे बघितलं. "पण ते समोर बसून बघायचे. शाळा सुटल्यापासून त्या माणसाने इतक्या आवडीने काही केलं नव्हतं. म्हटलं, एवढं शिकलेत, त्यांना माझ्याहून जास्त कळत असेल. नंतर नंतर मग तेही आठवेना."

हे त्यांना सांगू नकोस, असं तिने मला बजावलं. मी कधी सांगितलं नाही.

फडतरे भेटायला आला, फळांची करंडी घेऊन. आप्पांनी त्याला सगळं सांगितलं. तो हळहळला. शास्त्र चुकत नसतं सर, प्रमाणात काही गडबड झाली असेल, असं म्हणाला. आप्पा म्हणाले की तूच सांगितलेलं प्रमाण होतं. त्याने करंडी काकीच्या उशाशी सरकवली. मग आप्पांनी विचारलं, "रविवारच्या सभेत मला बोलू देशील?"

"सर, हे काय विचारणं झालं," तो म्हणाला. इतक्या सहज तो हो म्हणेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मी आप्पांसोबत गेले. हॉल भरला होता. निवृत्त माणसं, गुडघ्याला पट्टे बांधलेल्या बायका, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या. व्यासपीठावर शाल आणि नारळ ठेवले होते, ते आप्पांनी घेतले नाहीत. ते उभ्यानेच बोलले. काही लपवलं नाही. आपण काय वाचलं, काय मानलं, आपल्या हाताने काय ढवळलं, इस्पितळातसुद्धा कसं पाजलं, सगळं. शेवाळेबाईंना परत पाठवल्याचंही सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एक बाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला वाटलं, झालं, आता यातला एकही माणूस इथे पुन्हा पाऊल टाकणार नाही.

फडतरेने माईक हातात घेतला. आप्पांकडे वळून हात जोडले. मग त्याच मऊ आवाजात म्हणाला की सरांचं धैर्य बघा, असे गुरू मिळायला भाग्य लागतं. आणि सरांनी आज जे दाखवून दिलं ते नीट ध्यानात घ्या. लोक म्हणतात जीवनसत्त्वात काय ताकद असते. बघा, केवढी ताकद आहे. एवढी जबर गोष्ट घरी स्वतःच्या मनाने घ्यायची नसते. ती आमच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची. आजपासून केंद्रात प्रत्येकाचं प्रमाण स्वतंत्र ठरवून मिळेल. नाव नोंदवायला डावीकडच्या टेबलापाशी या.

टाळ्या झाल्या. आधी थोड्या, मग सगळ्या हॉलने वाजवल्या. रडणाऱ्या बाई डोळे पुसून उठल्या आणि टेबलाकडे निघाल्या. त्यांच्या मागे दुसऱ्या, मग आणखी.

आप्पा व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांनी माझा दंड धरला. दार डाव्या बाजूलाच होतं, तिथपर्यंत जायला आम्हाला त्या रांगेतूनच वाट काढावी लागली. लोकांनी आदराने बाजूला होऊन जागा करून दिली. सर आले, सर आले, अशी कुजबुज झाली. काही जणांनी वाकून आप्पांच्या पायांना हात लावला, नमस्कार केला, आणि रांगेतल्या आपापल्या जागी परत जाऊन उभे राहिले.